न्यायनिष्ठुर

शरदचंद्र उभे राहून मानपत्र वाचत होते आणि अनंतराव समोरच्या खुर्चीत बसून ऐकत होते. निदान ऐकणाऱ्याचा चेहरा करून बसले होते. शरदचंद्र रेल्वेतले मोठे अधिकारी, मूळचे साताऱ्याचे, बदलीने चेन्नईत आलेले आणि आल्या वर्षीच इथल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष होऊन बसलेले. त्यांचा आवाज असा, की तिरुवल्लिकेणीच्या त्या अरुंद गल्लीत समोरच्या बाईने वाळत घालायची साडी तशीच हातात धरून खिडकीतून डोकावून पाहिलं. कुटुंब न्यायालयाचे न्यायाधीश अनंतराव गेल्या महिनाअखेर निवृत्त झाले होते, येत्या रविवारी एग्मोरच्या हॉलमध्ये मंडळातर्फे त्यांचा सत्कार होता, आणि मानपत्राचा मजकूर सत्कारमूर्तींच्या कानावर आधी घालावा म्हणून अध्यक्ष स्वतः आले होते. "स्वभावाने ऋजू, वाणीने मितभाषी, विद्वत्तेने विनम्र," शरदचंद्रांनी श्वास घेतला, "आणि न्यायासनावर न्यायनिष्ठुर!" अनंतराव टंबलरमधली कापी, म्हणजे कॉफी, डबऱ्याच्या पसरट वाटीत ओतत होते. धार डबऱ्याच्या बाहेर गेली आणि धोतरावर पडली.

ऋजू, मितभाषी वगैरे शब्द लहान स्टेशनांवरून मेल जावी तसे न थांबता गेले होते. त्यांचा अर्थ अनंतरावांना लागला नव्हता आणि लागला नाही म्हणून काही बिघडलंही नव्हतं. पण निष्ठुर हा शब्द त्यांच्या घरातला होता. त्यांचे पूर्वज भोसल्यांच्या मागून तंजावरला आले ते तिथेच राहिले, आणि त्यांच्याबरोबर आलेली मराठी हळूहळू घराच्या आत आत सरकत गेली. रस्त्यावर तमिळ, शाळेत नि कोर्टात इंग्रजी. मराठी उरली ती स्वयंपाकघरात, देवघरात, आजारपणात आणि रागावण्यात. अनंतरावांना मराठीत जेवण मागता येई, ताप किती चढलाय ते सांगता येई, देवाची करुणा भाकता येई. अपील, पुरावा, कलम, तहकुबी यांतलं काही मराठीत म्हणायची वेळ त्यांच्यावर साऱ्या जन्मात आली नव्हती. आणि या लहानशा साठ्यात निष्ठुर हा आईचा शब्द होता. तो ती दुधात पाणी घालणाऱ्या गवळ्याला वापरायची, चैत्रातल्या उन्हाला वापरायची, पोर गेलेल्या घरी जाऊन आली की यमाला वापरायची. गवळी, ऊन, यम आणि आता त्या रांगेत शाल पांघरून, हातात नारळ घेऊन उभा असलेला तिचा स्वतःचा मुलगा अनंतू, असं चित्र अनंतरावांच्या डोळ्यांपुढे आलं.

"कसं वाटलं साहेब? काही बदल?" शरदचंद्रांनी विचारलं. बदल सुचवायचा तर अर्थ विचारायला हवा, आणि भर कोर्टात शब्दाचा अर्थ विचारायची अनंतरावांना सवय नव्हती. शब्द अडला की ते गंभीर होऊन तो टिपून घेत आणि चेंबरमध्ये जाऊन कोश उघडत. पण घरात मराठी कोश नव्हता. "नाही, बरं आहे," ते म्हणाले. "आणि एक आग्रहाची विनंती," शरदचंद्र म्हणाले, "उत्तराचं भाषण मातृभाषेतून व्हावं. आमच्या मुलांना कळू दे, तंजावरच्या माणसानं तीन शतकं भाषा कशी जपली." अनंतरावांनी आयुष्यात कुणाचाही अर्ज जागच्या जागी मंजूर केला नव्हता. त्या दिवशी मात्र, बहुधा भिजलेलं धोतर मांडीला चिकटत होतं म्हणून, ते चटकन "बरं" म्हणून गेले.

शरदचंद्र गेल्यावर ते आत आले. अंबुजा, त्यांची बायको, जमिनीवर बसून विळीवर कोवळी वांगी चिरत होती. धोतरावरचा डाग पाहून तिने नुसतं नाक मुरडलं. अनंतराव दारातच उभे राहिले. "मी निष्ठुर आहें का?" त्यांनी विचारलं. विळीवरचा हात थांबला नाही. "कोण सांगटलं?" "रेल्वेवाले. मानपत्रांत लिहिलेत." अंबुजाने एका वांग्याचं देठ उडवलं. "मग चौकशी करूनच लिहिलें असतील," ती म्हणाली आणि पुढचं वांगं उचललं. थट्टा होती की निकाल होता हे अनंतरावांना कळेना. इतक्या वर्षांत त्यांनी शेकडो बायकांच्या साक्षी ऐकल्या होत्या, कुणाच्या बोलण्यात खोट आहे ते आवाजाच्या चढउतारावरून ओळखलं होतं. पण अंबुजाचं वाक्य त्यांना नेहमीच दोन बाजूंनी वाचता येणाऱ्या कलमासारखं वाटे. तिला उलट प्रश्न विचारायची पद्धत घरात नव्हती. खरं म्हणजे घरात बोलायचीच फारशी पद्धत नव्हती. दिवसभर माणसं त्यांच्यापुढे इतकं बोलत, की संध्याकाळी घरी आल्यावर शब्दाचं टरफलसुद्धा कानावर पडू नये असं त्यांना वाटायचं, आणि अंबुजा जे काही बोलायची ते पंख्याच्या आवाजात मिसळून जायचं.

त्या रात्री आणि पुढच्या रात्री त्यांना झोप लागली ती तुकड्यातुकड्यांनी. निष्ठुर म्हणायला मंडळाकडे काहीतरी आधार असणार, आणि तो कोणता असणार हेही त्यांना ठाऊक होतं. बऱ्याच वर्षांपूर्वी त्यांच्यापुढे एक घटस्फोटाचा दावा चालला होता. बाई अलमेलू, नवरा राममूर्ती, दोघंही याच तिरुवल्लिकेणीतली. अलमेलू साक्षीच्या पिंजऱ्यात उभी राहिली आणि रडायला लागली. आधी डोळे, मग नाक, मग खांदे, आणि मग असा एक हुंदका आला की बाहेरच्या व्हरांड्यातली माणसं आत डोकावली. तेव्हा अनंतराव इंग्रजीत म्हणाले होते, "मॅडम, टिअर्स आर नॉट एव्हिडन्स." अश्रू म्हणजे पुरावा नव्हे. अलमेलूचं रडणं तिथेच थांबलं. दुसऱ्या दिवशी एका वर्तमानपत्रात ते वाक्य चौकटीत आलं आणि पाहता पाहता अनंतरावांचं नावच ते होऊन बसलं. वकील अशिलांना बजावत, आत रडायचं नाही, काय रडायचं ते इथं उरकून घ्या. त्यांच्या कोर्टाबाहेरच्या बाकाला लोक रडण्याचं बाक म्हणू लागले. निकाल बाईच्या बाजूने लागला होता, तिला घटस्फोट मिळाला होता, पण ते कुणी चौकटीत छापलं नव्हतं. आणि खरी गोष्ट तर कुणालाच ठाऊक नव्हती. तिचं नाक लाल झालेलं पाहून अनंतरावांच्याच नाकात झिणझिण्या आल्या होत्या. लहानपणी वर्गात दुसऱ्या मुलाला छडी बसली तरी यांचे डोळे भरायचे, तसेच ते तेव्हा भरत होते. आणखी एक हुंदका आला असता तर न्यायाधीशमहाराज न्यायासनावर रडले असते. त्या भीतीने त्यांनी खालचा ओठ आत ओढला, नजर भिंतीवरच्या घड्याळाला बांधली आणि तोंडाला येईल ते पहिलं वाक्य फेकलं. पुढे तोच चेहरा कामाला येतो असं दिसल्यावर तो त्यांनी कायमचा ठेवला. इतका, की निवृत्तीच्या दिवशी उतरवायला गेले तर निघेना.

म्हणजे मुळात प्रश्न एवढाच होता, की त्या बाईला त्या दिवशी काय वाटलं? ते एकदा कळलं की निकाल लागला. शुक्रवारी सकाळी अनंतराव कुणाला न सांगता घरातून बाहेर पडले. अलमेलू पुढे मेस चालवू लागली हे गल्लीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं. आसपासच्या मॅन्शनांमधून, म्हणजे स्वस्त लॉजांमधून, राहणारे एकटे पुरुष तिच्याकडे जेवत. त्यांच्या घरापासून दोन गल्ल्यांवर मेस, पण न्यायाधीशाने उगाच कुठे बसू नये, कुठे खाऊ नये म्हणून इतक्या वर्षांत ते त्या बाजूने चालतसुद्धा गेले नव्हते. आता ते आत शिरले. खोली लांबट होती. दोन्ही भिंतींना धरून टेबलं, टेबलांवर केळीची पानं, आणि सगळे एका दिशेला तोंड करून, परीक्षेला बसल्यासारखे मुकाट जेवत होते. अनंतराव आत आले तेव्हा कुणी मान वर केली नाही. त्यांना ते विचित्र वाटलं. खोलीत शिरल्यावर माणसं उठण्याची अशी सवय जडलेली, की ती उठली नाहीत तर आपण पुरते आत आलोच नाही असं वाटतं. ते दाराशी उभे राहून भिंती पाहत राहिले.

"काय बघताय? सगळं स्वच्छ आहे," वाढायची बादली घेऊन एक जाडजूड, केसांत भरगच्च मोगरा माळलेली बाई तमिळमध्ये म्हणाली. "आरोग्य खात्याचे ना तुम्ही? मागच्या महिन्यात तुमचाच एक जण येऊन पोटभर जेवून गेला." ती अलमेलू होती. अनंतरावांनी तिला नाकावरून ओळखलं. "मी आरोग्य खात्याचा नाही," ते म्हणाले. "मग बसा की!" त्यांना दंडाला धरून तिने बसवलं, पानावर पाणी शिंपडलं आणि भाताचा डोंगर घातला. दंडाला धरून त्यांना बसवणारं माणूस आई गेल्यावर हेच पहिलं. ते निमूटपणे जेवू लागले. सांबार झालं, रसम आलं. रसमाला ते थांबले, तेव्हा ती ओरडली, "अहो, रसम असं टाकायचं नसतं, ओरपा!" त्यांनी ओरपलं. तिखट टाळूला चढलं, नाकातून पाणी आलं, आणि या अवस्थेत आपली ओळख द्यायला हरकत नाही असं त्यांना का कोण जाणे वाटलं. "मी अनंतराव," ते म्हणाले, "तुमचा दावा माझ्यापुढे चालला होता."

अलमेलूने बादली खाली ठेवली, मान तिरकी करून त्यांना नीट पाहिलं आणि दोन्ही हात गालांवर मारले. "अय्यो! जज्ज सार! कण्णीर सार!" आसवांचे साहेब. सगळी खोली आता वर पाहू लागली. "तुमचं ते वाक्य मी रोज वापरते," ती म्हणाली. "ही पोरं येतात ना, हिने नाही म्हटलं, तिने नाही म्हटलं, नोकरी लागत नाही, आणि पानावर बसून रडतात. मी सांगते, जज्ज सारांनी सांगितलंय, डोळ्यांतलं पाणी साक्षीला चालत नाही, आधी जेव." अनंतरावांनी घसा खाकरला. हाच क्षण होता. "त्या दिवशी," ते म्हणाले, "मी तसं बोललो, ते तुम्हाला... कठोर वाटलं का? निष्ठुर?" "छे!" अलमेलू म्हणाली. "उलट हायसं वाटलं. वकिलाने सांगितलं होतं, रडल्याशिवाय काम होणार नाही. सकाळी बसमध्ये बसल्यापासून मी सराव करत होते सार. घसा सुकला होता, डोकं दुखत होतं, आणि थांबायचं कधी हे त्या मूर्खाने सांगितलंच नव्हतं. तुम्ही थांबवलंत, देवासारखे." अनंतरावांच्या हातातला घास पानावर परत गेला. "म्हणजे ते रडणं..." "आणि तुम्ही कठोर कुठले? माझ्या आईला मी म्हटलंसुद्धा, बिचाऱ्याचं पोट बिघडलेलं दिसतंय. असा ओठ आत ओढून घड्याळाकडे बघत होतात ना! आई म्हणाली, त्यांना कुणी जिऱ्याचं पाणी द्यायला हवं होतं."

अनंतरावांना राग आला. कुणाचा ते कळेना. इतक्या वर्षांत कितीतरी पहाटे ज्या हुंदक्याने त्यांना जाग आली होती तो बसमध्ये बसवलेला हुंदका होता, आणि त्यावर त्यांचं स्वतःचं, अगदी खरं, काठोकाठ आलेलं पाणी त्यांनी परत आत ढकललं होतं. खोट्या पुराव्यावर खरी शिक्षा भोगली होती. क्षणभर दावा पुन्हा उघडायचा विचार त्यांच्या मनात आला. "आणि राममूर्ती?" त्यांनी विचारलं, निदान एक पक्षकार तरी दुखावलेला निघावा म्हणून. "तो काय, तिकडे बसलाय," अलमेलूने हनुवटीने कोपरा दाखवला. "रोज येतो. नवरा होता तेव्हा प्रत्येक घासाला नावं ठेवायचा. आता गिऱ्हाईक आहे, गुमान जेवतो." कोपऱ्यातल्या टकल्या गृहस्थाने ताकभाताचा हात तसाच वर करून न्यायाधीशांना नमस्कार केला आणि पुन्हा पानात डोकं घातलं. तो पूर्णपणे सुखी दिसत होता.

रविवारी संध्याकाळी एग्मोरच्या हॉलमध्ये ते पोचले तेव्हा मनातून काहीसे ओशाळलेले होते. निष्ठुर म्हणून घ्यायची जी तयारी त्यांनी मोठ्या कष्टाने केली होती ती वाया गेली होती. त्या जागी बिघडलेल्या पोटाचा माणूस होता आणि त्याला शाल मिळणार होती. मुलगी रंजनी पेरुंगुडीहून आपली मोटार घेऊन आली होती. ती तिथल्या एका आयटी कंपनीत कामाला, तमिळ आणि इंग्रजी यांच्यामध्ये कुठेतरी राहणारी. वडिलांशी बोलायची ते इंग्रजीत, तेही ईमेलसारखं, मुद्द्यापुरतं. ती आणि अंबुजा पहिल्या रांगेत बसल्या. व्यासपीठावर समई लावायची होती, पण डोक्यावरचा पंखा वात धरू देईना. पंखा बंद करावा तर पाहुणे घामाघूम होत. शेवटी शरदचंद्रांनी स्वतःच्या धिप्पाड पाठीचा आडोसा करून समई लावली. भगिनींनी स्वागतगीत म्हटलं. मागून तळणाचा वास येत होता आणि लोकांचं अर्धं लक्ष तिकडे होतं. शरदचंद्र मानपत्र हातात घेऊन उठणार, इतक्यात अनंतरावांनी त्यांची बाही धरली. आता गमावण्यासारखं काही उरलं नव्हतं. "न्यायनिष्ठुर म्हणजे काय हो?" त्यांनी कानात विचारलं. शरदचंद्र चकित झाले. "म्हणजे न्याय करताना आपला-परका न पाहणारा! याहून मोठी स्तुती आमच्याकडे नाही, साहेब." "असं होय," अनंतराव म्हणाले. साताऱ्यात जी स्तुती होती ती तंजावरला गवळ्याच्या डोक्यावर पडत होती, एवढाच काय तो घोटाळा. तो आठवडाभर त्यांच्या पोटात राहून आता अगदी अलगद विरघळला आणि त्या जागी एक पोकळी तेवढी राहिली, जेवून उठल्यावर हात धुताना वाटते तशी.

भाषण त्यांनी लिहून आणलं होतं. दोन रात्री बसून, जड जड शब्द शरदचंद्रांच्याच मानपत्रातून उचलून, त्यांनी ते तयार केलं होतं. "सन्माननीय व्यासपीठ," त्यांनी सुरुवात केली आणि समोर पाहिलं. पहिल्या रांगेत अंबुजा पदराने वारा घेत होती आणि त्यांच्याकडे, अनोळखी माणूस आपल्या नवऱ्याच्या आवाजात बोलतोय अशा नजरेने, पाहत होती. पुढचा शब्द ऋणनिर्देश होता. त्यांनी तो उचलायचा प्रयत्न केला, तो उचलेना. त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला. "मला हे तुमचं मराठी येईना," ते म्हणाले. "म्हणजे येते, पण पाहुणे येतात तसं. येते, बसते, कापी पिते, जाते. मला आईचं मराठी येते, तेच बोलतों." हॉलमध्ये कुणीतरी खुदकन हसलं. अनंतरावांचा खालचा ओठ सवयीने आत जायला लागला, आणि मग, हे हसू आपल्या फजितीचं नाही, आपल्या वाक्याचं आहे, असं त्यांच्या ध्यानात आलं. साठ वर्षांच्या आयुष्यात त्यांच्या वाक्याला कुणी हसलं नव्हतं. ओठ जागच्या जागी आला.

मग ते बोलत सुटले. "मी नवा जज्ज झालों तेव्हां आई एकदा माझं कोर्ट बघायला आली," ते म्हणाले. "मागच्या बाकावर बसली. मी आंत आलों, अवघे उठले. संध्याकाळीं घरीं आल्यावर मला सांगटली, 'अरे, अवघे लोक तुज बघून उठले, तू एकाला तरी बसा म्हणून सांगटलास कीं? घरच्यांनी काहींच शिकवलं नाहीं म्हणतील!'" हॉल हसला. "मग सांगटली, 'दोघं जणं एकमेकांशी बोलेनात म्हणून तुजकडे येतात, आणि तू त्यांना सांगतोस, तुम्ही बोलूं नका, तुमचे वकील बोलतील. मग तीं बोलायचीं कधीं?'" आता मागच्या रांगेतले लोकही पुढे सरकले. "आणि सांगटली, 'इतक्या उकाड्यांत काळा कोट घालून बसलेल्या माणसापुढे संसार घेऊन जाऊं नये रे, तो मोडूनच देणार!'" एक म्हातारे गृहस्थ हसता हसता ठसका लागून पाणी मागू लागले. अनंतरावांना थांबवेना. आत कुठेतरी एक दार होतं, ते इतकी वर्षं इंग्रजीच्या कपाटामागे झाकलेलं होतं, आणि आता त्यातून एकामागून एक वाक्यं येत होती, सगळी चुरचुरीत, सगळी तयार, जणू कुणी आधीच घोटून ठेवलेली. त्यांनी अलमेलूचा हुंदका सांगितला, जिऱ्याचं पाणी सांगितलं. शरदचंद्रांनी घड्याळ दाखवलं. वकिलांना अर्ध्या वाक्यात तोडणाऱ्या न्यायाधीशांनी घड्याळाकडे पाहिलंच नाही. पुऱ्या तळून निवत होत्या, आचारी दारात येऊन उभा होता आणि तोही हसत होता. शेवटी अंबुजाच उठली आणि तिने नुसता पदर खोचला. ती खूण अनंतरावांना कळली. ते नमस्कार करून खाली बसले.

परत जाताना रंजनी मोटार चालवत होती, मागे दोघं बसली होती. अनंतरावांचे कान अजून टाळ्यांनी गरम होते. "अप्पा, यू वर फनी," रंजनी आरशातून पाहत म्हणाली आणि मग, जराशी अडखळत, लहानपणानंतर पहिल्यांदाच घरच्या भाषेत म्हणाली, "आजी इतकं मजा करून बोलत होती हे मला ठाऊकच नाहीं." अनंतराव समाधानाने मागे टेकले. "आई म्हणजे आई होती," ते म्हणाले.

"ते तुमच्या आई नाहीं सांगटल्या," अंबुजा खिडकीबाहेर बघत म्हणाली. "मी सांगटलें."

मोटार सिग्नलला थांबली होती. "काय?" अनंतराव म्हणाले. "तुम्ही नवे जज्ज झालेंत त्या वर्षीं सासूबाई तंजावरला पाय मोडून अंथरुणावर होत्या. चेन्नईला यायच्या कशा? कोर्ट बघायला मी आलें होतें. निळं पातळ नेसून. मागच्या बाकावर बसलें. रंजनी तेव्हां पोटांत होती." रंजनीने मागे वळून पाहिलं, "म्हणजे मीही होते?" आणि मागच्या रिक्षाने भोंगा वाजवला. अनंतरावांनी आठवायचा प्रयत्न केला. मागचं बाक आठवलं, त्यावर एक आकृती आठवली. आकृतीला आईचा चेहरा होता, पण जवळ जाऊन पाहिलं तर चेहरा वरून चिकटवल्यासारखा हलत होता आणि त्याच्या कडेने निळा रंग दिसत होता. "पण ती मला 'तू' म्हणाली," त्यांनी शेवटचा आधार काढला. "मी 'तुम्ही' म्हणटलें होतें. त्याचं 'तू' तुम्ही करून टाकलेंत."

"आणि तें वकिलांचं? तीं बोलायचीं कधीं, तें?" "मीच." "काळ्या कोटाचं?" "मीच. लोखंडी इस्त्री करत होतें तेव्हां." तिच्या आवाजात तक्रार नव्हती. सरकारी साक्षीदारासारखी ती विचारलेल्याचं तेवढं उत्तर देत होती. अनंतरावांनी आणखी दोनतीन वाक्यं काढली, भाषणात न आलेली, मनात आईच्या नावावर जपून ठेवलेली. एक खरंच आईचं निघालं. बाकीची अंबुजाची. घरात शिरल्यावर कानावर काही पडू नये म्हणून ते कान मिटून बसायचे, आणि ती बोलायची, पंख्याखाली, आमटी ढवळताना, कोटावर इस्त्री फिरवताना; आणि ते ऐकत नसताना त्यातला शब्द न् शब्द आत जाऊन बसला होता, फक्त कुणाचा म्हणून विचारायची तसदी त्यांनी घेतली नव्हती. आज भर सभेत ज्या बाईला लोकांनी टाळ्या दिल्या ती पहिल्या रांगेत पदराने वारा घेत बसली होती आणि स्वतःची वाक्यं सासूच्या तोंडून ऐकत होती. "मग तू तेव्हांच कां नाहीं सांगटलीस?" ते म्हणाले. "मधें उठून?" अंबुजा म्हणाली. "लोक हसत होते. चांगलं वाटत होतं."

तिरुवल्लिकेणीकडे वळायचा चौक आला. अनंतराव पुढे वाकून म्हणाले, "रंजनी, समुद्रावरून घे." "अप्पा, उगीच वळसा पडेल." "पडूं दे." मग ते अंबुजाकडे वळले. खिडकीतून आलेल्या खाऱ्या वाऱ्याने तिचे पांढरे केस कपाळावर आले होते. "आणखी काय काय सांगटली होतीस तूं?" त्यांनी विचारलं.

"आतां सांगूं?" ती म्हणाली. "अवघं?"

"अवघं."

अंबुजाने त्यांच्या अंगावरची शाल काढून नीट घडी केली, मांडीवर ठेवली, घसा साफ केला आणि लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून सुरुवात केली.